वाघाची वाट आणि ग्रामसभेची संमती

हैदराबादच्या अंबरपेठेपासून सुमारे तीनशे किलोमीटर उत्तरेला असलेल्या आसिफाबादच्या डोंगराळ मुलखात गोंड व कोलाम समाजांचा निर्वाह आजही जंगलावर अवलंबून आहे. ताडोबा आणि कवल या व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा हा पट्टा ‘कुमराम भीम संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित करणारा आदेश क्रमांक 49 तेलंगण सरकारने मे 2025 मध्ये काढला. आदिवासींच्या तीव्र विरोधानंतर जुलैमध्ये त्याला स्थगिती द्यावी लागली. निजामाच्या पोलिसांशी लढताना 1940 मध्ये जोडेघाट येथे ज्याने प्राण वेचले, त्या भीमाचेच नाव या आदेशाला होते.

वाघाला संचारमार्ग हवा, याविषयी दुमत नाही. वाद प्रक्रियेचा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36-अ नुसार असे क्षेत्र घोषित करण्यापूर्वी स्थानिक समाजाशी विचारविनिमय आवश्यक आहे. तर 2006 चा वनहक्क कायदा दावे निश्चित करण्याची सुरुवात ग्रामसभेकडे सोपवतो आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवू देत नाही.

तेलंगणने जून 2023 मध्ये पोडू शेतीखालील सुमारे चार लाख एकर जमिनीचे पट्टे वाटण्यास प्रारंभ केला. मात्र वैयक्तिक पट्ट्याने शेत सुरक्षित होते, जंगल नव्हे. मोहफुले, तेंदूपाने, चारोळी, बांबू आणि गुरांची चराई यांना सामूहिक हक्काचेच संरक्षण लागते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर असा हक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभेच्या परवान्यावर बांबू बाहेर जाऊ लागला. जंगलाचे उत्पन्न हाती आले, तेव्हा ते राखण्याची जबाबदारीही गावाने पत्करली.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नाही. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 जुलै 2023 रोजी व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्यास तीन महिन्यांची, तर वननिवासींचे दावे निकाली काढण्यास बारा महिन्यांची मुदत दिली होती. म्हादईच्या वादात पहिल्या मुदतीची जितकी चर्चा झाली, तितकी दुसरीची झाली नाही. दावे रखडले की वाघ हा विस्थापनाचा अग्रदूत वाटू लागतो आणि संवर्धनाने आपला सर्वांत जवळचा राखणदार गमावलेला असतो. आसिफाबादचा धडा हाच की, हक्कांचा निवाडा आधी झाला, तरच अधिसूचना टिकते.