कॉमेडी सोडून थेट खलनायिका! विशाखा सुभेदार यांच्या निर्णयातून काय कळतं?

संध्याकाळी कंपन्या सुटायच्या वेळेला रबाळे स्टेशनवर उभे राहिलात, तर एक गोष्ट हमखास दिसते. लोकल यायच्या आधीच प्रत्येकाच्या हातात मोबाईल आलेला असतो. परवा माझ्या शेजारच्या एका ताईंच्या स्क्रीनवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ची जुनी क्लिप चालू होती. विशाखा सुभेदार आणि समीर चौघुले समोरासमोर, आणि ताई तोंडावर पदर धरून हसत होत्या. दोन पावलांवर दुसऱ्या एका बाईंच्या मोबाईलवर मालिकेचा प्रोमो. त्यात एक बाई शांतपणे बघत पुढचा डाव आखतेय. तो चेहराही विशाखा सुभेदार यांचाच.

एकाच प्लॅटफॉर्मवर एकाच चेहऱ्याला एक बाई हसतेय आणि दुसरी शिव्या घालतेय. हे कसं जमलं? आणि हा बदल त्यांनी का केला असेल?

नेमकं झालं काय?

विशाखा सुभेदार घराघरात पोहोचल्या त्या विनोदी कार्यक्रमांमुळे. २०१० मध्ये झी मराठीवर 'फू बाई फू' सुरू झालं, त्यात त्या दिसल्या. मग 'कॉमेडीची बुलेट ट्रेन' आलं. २०१८ मध्ये सोनी मराठीवर सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली आणि समीर चौघुले यांच्यासोबतची त्यांची जोडी प्रचंड गाजली. लॉकडाऊनच्या काळात तर या शोच्या क्लिप्स अनेकांना औषधासारख्या पुरल्या.

२०२२ मध्ये, शो जोरात असताना, त्या बाहेर पडल्या. सोशल मीडियावर त्यांनी स्वतःच ते सांगितलं. कमेंटमध्ये एकच सूर होता: 'तुमच्याशिवाय मजा नाही.'

जानेवारी २०२३ मध्ये स्टार प्रवाहवर दुपारच्या वेळेत 'शुभविवाह' सुरू झाली. मधुरा देशपांडे आणि यशोमान आपटे प्रमुख भूमिकेत, आणि वरून गोड, आतून कारस्थानी अशी रागिणी म्हणजे विशाखा सुभेदार. ज्यांना बघून हसायची सवय होती, त्यांच्याकडे बघून आता रागाने चॅनेल बदलावंसं वाटू लागलं. खलनायिकेसाठी ही पावतीच असते.

स्टँडअप, स्किट आणि मालिका: फरक काय?

आपण सगळ्यांना सरसकट 'कॉमेडियन' म्हणतो, पण ही तीन वेगळी कामं आहेत.

स्टँडअपमध्ये माणूस एकटा, हातात माईक आणि बोलणं स्वतःचं. हिंदीत २००५ च्या 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'पासून याला टीव्हीवर गर्दी मिळाली. मराठीत 'भाडिपा'सारख्या मंडळींनी हा प्रकार पुढे नेला. पण मराठी टीव्हीवरचा विनोद प्रामुख्याने स्किटचा आहे. त्यात लेखक वेगळा, सोबत दोन-तीन नट, तालीम आणि समोर दाद देणारे परीक्षक. हे कलाकार बहुतेक एकांकिका आणि नाटकांतून आलेले असतात. म्हणजे ते मुळात नटच असतात, आपण त्यांना विनोदवीर म्हणून ओळखायला लागतो इतकंच.

स्किटमध्ये दहा-पंधरा मिनिटांत सगळं पेरायचं आणि उगवायचं असतं. हशा आला की कळतं, जमलं. मालिकेत समोर हसणारं कुणी नाही. एकच भावना कॅमेऱ्याच्या वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा द्यायची. पात्र आज जे बोललं, त्याचा परिणाम तीन आठवड्यांनी दिसणार.

पण एक हत्यार दोन्हीकडे चालतं, ते म्हणजे टायमिंग. पंच टाकायच्या आधी विनोदी नट अर्धा सेकंद थांबतो, आपण हसतो. तोच अर्धा सेकंद खलनायिका थांबली, की आपल्या पोटात गोळा येतो. हशा कुठे येणार हे ज्याला कळतं, त्याला भीती कुठे बसणार हेही कळतं.

मग लोकप्रिय शो सोडायचाच कशाला?

त्यांच्या मनात काय होतं, हे आपण बाहेरून ठरवू नये. पण या धंद्याची रीत बघितली तर काही गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट शिक्क्याची. दहा-बारा वर्षं हसवलं की निर्मात्याला तुम्ही फक्त हसवतानाच दिसता. गंभीर भूमिकेसाठी यादी निघते, तेव्हा तुमचं नाव त्यात येतच नाही. हा शिक्का जितका उशिरा पुसायला घ्याल, तितका तो घट्ट बसतो.

दुसरी गोष्ट बायकांची. आपल्याकडच्या स्किटमध्ये अंगाने भरलेली बाई आली की विनोद तिच्या वजनावर जायला वेळ लागत नाही. ती स्वतः कितीही ताकदीची असली तरी. मालिकेतली रागिणी मात्र भीतीदायक आहे ती तिच्या डोक्यामुळे. तिच्या वजनाचा तिथे संबंधच नाही. अभिनेत्री म्हणून हा फरक लहान नाही.

तिसरी गोष्ट पोटापाण्याची. रोजची मालिका म्हणजे आठवड्याला सहा भाग आणि साधारण बारा तासांची शिफ्ट. मोबदला बहुधा दिवसावर ठरतो आणि हातात यायला तीन महिने लागणं ही इथली जुनी रीत. पण मालिका चालली तर महिन्याचे दिवस ठरलेले असतात. उलट बाजूही आहे. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि आकडे पडले की वेळ बदलते, नाहीतर मालिकाच गुंडाळली जाते. म्हणजे एक असुरक्षितता सोडून दुसरी घेतली, असंच म्हणावं लागेल.

हे आधी कुणी केलंय का?

सगळ्यात मोठं उदाहरण निळू फुले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्यातून त्यांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवलं. मग १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तून ते सिनेमात आले, आणि पुढे पडद्यावर दिसले की गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या. 'सामना' आणि 'सिंहासन'मध्ये तर त्यांची वेगळीच उंची दिसली. लोकनाट्यातली हजरजबाबी नजर त्यांना खलनायक म्हणूनही उपयोगी पडली.

पण प्रत्येकाला प्रेक्षक अशी परवानगी देतातच असं नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यशाच्या शिखरावर असताना १९९२ मध्ये 'एक होता विदूषक' आला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, लेखन पु. ल. देशपांडे यांचं. बेर्डेंनी त्यात जीव ओतला, जाणकारांनी नावाजलं, पण तिकीटबारीवर सिनेमा चालला नाही. लोकांना त्यांचा 'लक्ष्या'च हवा होता.

अलीकडे कपिल शर्मा यांचंही तसंच झालं. २०२३ मध्ये नंदिता दास यांच्या 'झ्विगाटो'त त्यांनी डिलिव्हरी करणारा कामगार साकारला. काम चांगलं होतं, पण त्यांच्या शोचा प्रेक्षक थिएटरपर्यंत गेला नाही. अमेरिकेत बॉब ओडेनकर्क यांना मात्र हे साधलं. विनोदी लेखक आणि नट म्हणून वर्षानुवर्षं काम केल्यावर 'ब्रेकिंग बॅड'मधला वकील मिळाला, आणि पुढे त्याच पात्रावर 'बेटर कॉल सॉल' ही पूर्ण मालिका उभी राहिली.

फरक कुठे पडला? निळू फुले आणि ओडेनकर्क यांना प्रेक्षकांनी नव्या रूपात हळूहळू, पुन्हा पुन्हा बघितलं. बेर्डे आणि कपिल यांना एका सिनेमात, अडीच तासांच्या आत सिद्ध करायचं होतं. मालिकेचा फायदा नेमका इथे आहे. ती रोज घरात येते. पहिल्या आठवड्यात 'अरे, ही तर हास्यजत्रेतली' म्हणणारा प्रेक्षक दोन महिन्यांनी 'ही रागिणी आता काय करणार' असं विचारू लागतो.

आपला संबंध काय?

आपण, म्हणजे रीलवर बोट फिरवणारे. आज कलाकाराचं जुनं काम कुठेच जात नाही. रागिणीच्या प्रोमोखाली लगेच जुनं स्किट येतं आणि त्याखाली कमेंट: 'परत या ना.' प्रेमानेच लिहिलेली असते. पण त्या प्रेमाचाही शिक्का होतो, कारण कोणत्या चेहऱ्याला काय करताना लोक बघतात, याचा हिशेब चॅनेलवाले ठेवतात.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादा आवडता विनोदी कलाकार गंभीर भूमिकेत दिसला, तर पहिल्या भागावर निकाल देऊ नका. पंधरा दिवस बघा. नाही पटलं तर खुशाल सांगा.

परवा रबाळ्याला लोकल आली तेव्हा त्या दोघी एकाच डब्यात चढल्या. एक अजून हसत होती, दुसरी कपाळाला आठ्या घालून बघत होती. दोघींकडून एकाच कलाकाराला दाद मिळत होती.