उतरवलेल्या पट्ट्या

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी कापसाचा भाव, बेकारी आणि हुंडा या विषयांवर लेख येतात, आणि ते आलेच पाहिजेत. मी मात्र यंदा जुन्या मोटारीच्या पट्ट्यांवर लिहीत आहे. विषय ऐकून वर्गातले मित्र हसले. वाचकांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग हसावे, एवढीच विनंती.

माझे वडील हिवरखेडला गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा अंगणातल्या टिनाखाली 1971 सालची एक फियाट उभी होती. अकोल्याच्या एका गृहस्थांच्या वडिलांची ती गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. हीच गाडी पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली आणि मुंबईकरांची टॅक्सी झाली. 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या.

रंगकाम संपले होते. राहिले होते ते बाहेरचे साज चढवणे: बाजूच्या चकाकत्या पट्ट्या, काचेभोवतीचे बीडिंग, दारांच्या मुठी, बंपर. बाबांनी प्रत्येक पट्टी उतरवतानाच तिच्या पाठीवर खूण करून जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली होती. वाकलेल्या पट्ट्या लाकडी हातोडीने हळूहळू सरळ केल्या. रंग पुरता वाळल्याशिवाय एकही पट्टी लावायची नाही, हा त्यांचा नियम. ओल्या रंगावर क्लिप दाबली की रंग तडकतो आणि तिथून गंज शिरतो. म्हणून प्रत्येक भोकाला आधी रंग, मग थोडे ग्रीस. पुढचा पत्रा, पुढचे दार, मागचे दार, या तिन्हींवरची पट्टी एका रेषेत आली पाहिजे. म्हणून आधी टेप लावून रेष पाहायची.

मी उत्साहाने एक पट्टी पेचकसाने दाबली. पेचकस घसरला, रंगाला ओरखडा गेला आणि पट्टीही मुडपली. बाबा रागावतील असे वाटले. ते फक्त म्हणाले, "रंग तं पुन्हा मारता येते रे बापा. थे पट्टी कुठून आनशीन?"

खरा वाद दुसऱ्या दिवशी झाला. मालक आले. जुन्या पट्ट्यांवरचे बारीक पोचे पाहून म्हणाले, "हे कशाला लावता? बाजारातून नव्या चमकणाऱ्या आणा. पैसे जास्त घ्या." मला माझी परीक्षा फी दिसू लागली. बाबांनी नकार दिला. गंजून भोके पडलेला मागचा बंपर बदलायला ते तयार होते, पण धड असलेली मूळची पट्टी काढून बाजारची लावायला नव्हते. मालक नाराज होऊन गेले. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला, जुन्याच लावा. जास्तीचे पैसे अर्थात मिळाले नाहीत. फी मी उसनवारीने भरली.

तेव्हा मला बाबांचा राग आला होता. आज माझे मत वेगळे आहे. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केला. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेले चालत नाही. पट्ट्यांचे नाव त्यात नाही. ती गोष्ट कारागिराच्या इमानावर राहिली. हे इमान कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात, हे मी आदरपूर्वक विचारू इच्छितो.

कोणी म्हणेल, कापूस घरात पडून आहे आणि तुला श्रीमंतांच्या हौशीचे कौतुक! आक्षेप खरा आहे. ती गाडी आम्हाला कधीच परवडणार नाही. पण मी गाडीचे कौतुक करीत नाही. जे काम कोणी तपासणार नाही, तेही नीट करणाऱ्या हातांचे करतो. त्या हातांना आपण 'अशिक्षित' म्हणतो.

आणि एक कबुली. पहिल्या वर्षी होस्टेलवर कोणी वडिलांविषयी विचारले, की मी "बिझनेस" म्हणत असे. 'मले', 'तुले' म्हणणे सोडून 'मला', 'तुला' म्हणू लागलो. प्रमाणभाषा शिकणे गैर नाही. ती शिकायलाच मी इथे आलो. पण माझ्या अंगावरच्या धड पट्ट्या काढून बाजारच्या लावण्याची मला घाई झाली होती. आपल्यापैकी अनेकांची, जे घरातून पहिल्यांदाच इथवर आले, हीच अवस्था आहे असे मला वाटते.

गंजलेले जरूर टाकावे. हुंडा, जातीचा गर्व हे गंजलेलेच आहे. त्यांना पॉलिश नको. पण जे फक्त पोचले आहे, ते सरळ करून पुन्हा लावावे.

माझे वडील डेंटर आहेत. या अंकात तरी ते छापून यावे.