‘हर्ष’ आला कुठून?



‘दुःख हरतो तो हर्ष’ ही गेल्या अंकातील पत्रलेखकांची व्युत्पत्ती गोड आहे, पण खरी नाही. ‘हरणे’ आले ‘हृ’ धातूपासून. ‘हर्ष’ आला ‘हृष्’पासून. हृष् म्हणजे ताठ होणे, केस उभे राहणे. म्हणजे आधी अंगावर काटा, मग आनंद! तो काटा आनंदाचाच असतो असेही नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला रोमहर्ष होतो तो विषादाने; अठराव्यात संजयाला होतो तो आनंदाने. आयुर्वेदातल्या ‘दंतहर्षा’त तर गार पाण्याने दात शिवशिवतात, तिथे कसला आलाय हर्ष! काटा येणे या अर्थाचे लॅटिन क्रियापदही याच कुळातले. त्यातून ‘हॉरर’ निघाला. म्हणजे भयपट आणि हर्ष हे चुलतभाऊच.

मराठीने मात्र यातली भीती गाळून ‘हरखणे’ तेवढे ठेवले. परवा नातीचा दहावीचा निकाल फोनवर ऐकताना हातावरची लव उभी राहिली, तेव्हा ‘आजोबा हरखले’ असेच घरात सगळे म्हणाले. या व्युत्पत्तीला याहून बरा साक्षीदार कुठला?

आपला,
एक वाचक, सातारा