थंडीच्या माथी उन्हाळ्याचे पाप

डिसेंबरातली पहाट, पाचची वेळ. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एखाद्या गावात अंगणात कापसाने भरलेली ट्रॉली उभी असते. ताडपत्री दोराने आवळलेली, तिच्यावर दवाचे थेंब. ट्रॉली रात्रीच भरून ठेवलेली, कारण बाजारात लवकर पोचले तर नंबर लवकर लागतो. कास्तकार ट्रॅक्टरवर चढतो, चावी फिरवतो. सेल्फ एकदा जड आवाजात घुरघुरतो, दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबतो आणि तिसऱ्यांदा नुसतेच टक् टक् टक्. समोरचा दिवा मंद होत विझतो. मग घरातली पोरे उठवली जातात, शेजारी येतात, ट्रॉलीची पिन काढली जाते आणि ट्रॅक्टरला धक्का मारणे सुरू होते. बाजारातला नंबर हुकतो तो हुकतोच. आणि धक्का मारणारा प्रत्येक जण एकच गोष्ट बोलतो, "थंडी लय पडली बाप्पा!"

थंडी पडते, हे खरेच. २९ डिसेंबर २०१८ रोजी शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. वर्ध्यातही कडाक्याच्या लाटेत तो आठ-नऊ अंशांपर्यंत येतो आणि शेकोट्या पेटतात. माणसाला हा गारठा बोचतो. पण यंत्राच्या हिशेबात आठ अंश म्हणजे कडाक्याची थंडी नव्हेच. निरोगी इंजिन आणि निरोगी बॅटरी असेल, तर एवढ्या थंडीत गाडी चावीसरशी सुरू झालीच पाहिजे. ती होत नसेल, तर दुखणे जुने आहे. वर्धा जिल्ह्यात तर ते बहुतेक वेळा मे महिन्यातले असते.

गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत सर्रास असते ती शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला चांगली बॅटरी साधारण एक-पंचमांश ताकद गमावते. म्हणजे पाणी गोठण्याच्या तापमानालाही तिच्यात चार-पंचमांश जीव शिल्लक असतो. उष्णतेचे काम मात्र वेगळे. उष्णता बॅटरीची ताकद तेवढ्यापुरती वाढवते आणि आयुष्य कायमचे खाते. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली तर त्याहून किती तरी जास्त. त्या उष्णतेत धन पट्ट्यांची शिशाची जाळी गंजत जाते, आतले पाणी उडते, पट्ट्यांचा वरचा भाग उघडा पडून कडक होतो. ट्रॅक्टरचे नेमके तेव्हाच काम कमी असते. पेरणीपर्यंत तो उभा राहतो, बॅटरी आपोआप उतरत जाते आणि पट्ट्यांवर पांढरट क्षारांचा थर धरतो.

तरीही जूनमध्ये ट्रॅक्टर सुरू होतो, कारण हवा गरम असते, तेल पातळ असते आणि सेल्फला फारसा जोर लावावा लागत नाही. कास्तकाराला वाटते, बॅटरी ठणठणीत आहे. डिसेंबरात तेल घट्ट होते, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि तेवढ्यातच बॅटरीची उरलीसुरली ताकद थोडी घटते. मागणी वाढली, पुरवठा आटला. मेमध्ये मेलेली बॅटरी डिसेंबरात उघडी पडते, इतकेच.

डिझेल इंजिनाला ही अडचण जास्त जाणवते. त्यात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की फवारलेले डिझेल आपोआप पेटले पाहिजे. सेल्फ हळू फिरला की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते, उरलेली उष्णता गार पडलेले सिलिंडर शोषून घेते आणि इंजिन फक्त पांढरा धूर सोडते. पेट्रोलचे दुखणे निराळे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा रोखून मिश्रण घट्ट करायचे, त्यासाठी चोक. ज्या बच्छराज घराण्यात जमनालाल बजाज दत्तक आले, त्या वर्ध्याच्या घराण्याच्या नावानेच १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन सुरू झाली आणि पुढे तीच बजाज ऑटो झाली. तिच्या चेतक स्कूटरला हिवाळ्याच्या सकाळी चोक ओढून, एका अंगावर कलवून किक मारणारे वडील मराठी घरांतल्या एका पिढीला आठवतात. त्या वडिलांना आपल्या गाडीची नस ठाऊक होती. आजच्या गाडीत चोकचे काम संगणक करतो आणि मालकाचा गाडीशी संबंध चावीपुरता उरला आहे. दुखणे वेळीच कळत नाही, त्याचे एक कारण हेही आहे.

तेलाचेही तसेच. डब्यावर २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते. २० आकड्याच्या तेलाची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांवर होते. वर्ध्याच्या गारठ्याला ते पुरून उरते, फक्त ते वेळेवर बदललेले हवे. काजळीने काळे आणि जाड झालेले तेल चार हंगाम ओढत राहिले, तर डब्यावरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

खरी चिंता आहे ती गाडी सुरू करण्यासाठी लोक जे करतात त्याची. टाकीखाली किंवा इंजिनाच्या तळाशी पऱ्हाटीचा जाळ करून गाडी तापवायची, हा प्रकार हिमाचल-लडाखच्या ट्रकचालकांकडून ऐकून इकडेही केला जातो. तिकडे उणे वीस अंशांत डिझेल गोठते, म्हणून ते जीव धोक्यात घालतात. इथे आठ अंशांत डिझेल गोठलेलेच नसते. आणि मागे कापसाची ट्रॉली उभी असते! कापसाला एक ठिणगी पुरते. वर्षभराची कमाई आणि सोबत घर, दोन्ही डोळ्यांदेखत जाऊ शकते. ट्रॉलीच्या आसपास शेकोटीसुद्धा नको, तिथे ट्रॅक्टरखाली जाळ करणे हा शुद्ध आततायीपणा आहे. दुसरा प्रकार म्हणजे दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन सुरू करून तापायला ठेवणे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणूस झोपेतच जातो. शेडचे दार उघडा, गाडी बाहेर काढा, मग काय ते करा.

खरी थंडी काय असते, हे जिल्ह्याच्या उंबरठ्यावरून जाणाऱ्या ट्रकांना विचारावे. समुद्रपूर तालुक्यातल्या जामच्या चौकातून आणि पुढे हिंगणघाटवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हा श्रीनगर ते कन्याकुमारी जातो. जामच्या ढाब्यावर चहा पिऊन उत्तरेकडे निघालेला चालक त्याच रस्त्याने काश्मीरच्या चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्यात शिरू शकतो. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांवर गेला होता.

तिथे इकडच्या सवयी गाडीला नडतात. भारतीय मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा प्रवाही राहण्याचा बिंदू जास्तीत जास्त ३ अंश असावा लागतो, बाकीच्या महिन्यांत १५ अंश चालतो. पारा त्या बिंदूकडे घसरू लागला की डिझेलमधले मेण वेगळे होते, आधी ते धुरकट दिसते, मग फिल्टरमध्ये अडते. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. त्याआधी तिथले चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ मारून नेत. नागपूर-वर्ध्यात टाकी काठोकाठ भरून थेट घाटात शिरण्यापेक्षा, टाकी जवळपास रिकामी ठेवून तिकडच्या पंपावर भरणे शहाणपणाचे. घरी ड्रममध्ये साठवलेल्या डिझेललाही हीच गोष्ट लागू आहे. ऑक्टोबरात भरलेला ड्रम म्हणजे उन्हाळी डिझेल, त्यात तळाला साचलेले पाणी.

रेडिएटरचे तर विचारूच नये. बोअरचे जड पाणी ओतायची इकडची जुनी सवय आहे. वर्ध्यात ते क्षार आणि गंज साठवते, रोहतांगपलीकडे ते गोठते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि इंजिनाचा ओतीव ब्लॉक फोडते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून विदर्भातली कुटुंबेही भर हिवाळ्यात लाहौलपर्यंत गाडी नेतात. निघण्यापूर्वी निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी, एवढी काळजी घेतली तरी ते मिश्रण उणे पस्तीसपर्यंत टिकते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा मानकाच्या बहुतेक ट्रकांत धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण असते, ते उणे ११ अंशांना गोठते. ते गोठले म्हणून घाबरू नये. टाकीची तापवण्याची सोय कामाला लागते आणि द्रावण वितळते. त्यात गरम पाणी ओतणे हे मात्र महागात पडणारे काम.

इंजिन सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे उभ्या जागी तापवत ठेवायची सवयही सोडायला हवी. अर्ध्या-एक मिनिटात तेल सगळीकडे पोचते, त्यानंतर हळूहळू गाडी चालवणे हाच तिला तापवण्याचा उत्तम मार्ग. उभ्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि नव्या गाड्यांत काजळी अडवणारी जाळी तुंबते. टायरकडेही एकदा पाहावे. दर साडेपाच-सहा अंशांना हवेचा दाब सुमारे एक पीएसआय उतरतो. मेच्या चाळीस अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या दहा अंशांत पाचेक पीएसआयने कमी भरते आणि तसल्या टायरवर समृद्धी महामार्गावर वेग गाठणे धोक्याचे आहे.

हे सगळे कळूनही बॅटरी तपासली जात नाही, कारण ती तपासायची असते हेच कुणी सांगत नाही. तपासणी दोन मिनिटांची आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर व्होल्टमीटर लावायचा. १२.६ दिसले तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. मग सेल्फ मारताना पाहायचे. आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरीचे दिवस भरले. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवायची, नट आवळायचे, वर व्हॅसलिन लावायचे. झाकणे उघडी करता येत असतील, तर पट्ट्या बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घालायचे, नळाचे किंवा बोअरचे नव्हे.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, सेलू, देवळी, पुलगावच्या बाजार आवारांत हंगामभर ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या रांगेत चालकांना तासन्तास थांबावेच लागते. बाजार समित्यांनी मनावर घेतले, आयटीआयमधल्या डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिकच्या मुलांना व्होल्टमीटर देऊन हंगामाच्या सुरुवातीला आठवडाभर त्या रांगेत उभे केले, तर मुलांचा हातही बसेल आणि पुढच्या कित्येक पहाटांचे धक्के वाचतील. याला ना मोठा निधी लागतो, ना शासनाचा आदेश.

आणि कास्तकारांनी, गाडीमालकांनी एवढे करावे. दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला जातो, झेंडूचा हार पडतो, लिंबू बांधले जाते. उन्हाळा सरलेला असतो, थंडी यायची असते. हार घालण्याआधी बॉनेट उघडा आणि बॅटरी तपासून घ्या.