स्क्रीन थांबते, सम थांबत नाही

नागपुरात ‘गेम’ हा शब्द सध्या थोडा बदनामच आहे. ‘त्याचा गेम झाला’ याचा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्यात २०२३ मध्ये शहरातल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपयांना फसवलं गेल्याची तक्रार केली आणि घराघरांत मोबाइलवरच्या खेळांकडे संशयाने पाहणं सुरू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी आणली. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे-शिक्षणाचे खेळ वेगळे काढले आणि त्यांना प्रोत्साहन द्यायचं ठरवलं. म्हणजे सरकारदरबारी तरी ‘खेळातून शिकणं’ आता मान्य आहे. प्रश्न असा, की खेळातून नेमकं किती शिकता येतं?

याचं उत्तर शोधायला पियानो शिकवणारे गेम हे चांगलं उदाहरण आहे. यूट्यूबवर तुम्ही ते पाहिलेच असतील. वरून रंगीत पट्ट्या पावसासारख्या खाली येतात, खालच्या पियानोवर टेकतात, आणि टेकल्या क्षणी ती पट्टी दाबायची. हिंदी-मराठी गाण्यांचे असे व्हिडिओ ढिगाने आहेत. यातलं गाजलेलं सॉफ्टवेअर म्हणजे ‘सिंथेसिया’. २००५ मध्ये ‘गिटार हीरो’ हा गेम आला. त्याच धर्तीवर निकोलस पीग्डन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००६ मध्ये ‘पियानो हीरो’ बनवला. नाव फारच सारखं होतं. ‘गिटार हीरो’चे हक्क असलेल्या अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने २००७ मध्ये हरकत घेतली आणि नाव बदलून ‘सिंथेसिया’ झालं. नंतर ‘सिंपली पियानो’, ‘फ्लोकी’, ‘युझिशियन’ अशी अ‍ॅप्स आली.

‘गिटार हीरो’त हातात प्लास्टिकची, पाच बटणांची गिटार असायची. त्यात कितीही तरबेज झालात, तरी खरी गिटार हातात आली की पाटी कोरी. पियानोच्या गेमचं तसं नाही. इथे रिमोटच्या जागी खरं वाद्य असतं. कीबोर्ड आणि संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, ती ‘मिडी’ १९८३ पासूनची. तुम्ही कोणती पट्टी, कधी आणि किती जोरात दाबली, हे ती संगणकाला सांगते. घरात कपाटावर धूळ खात पडलेला कॅसिओ (आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड ‘कॅसिओ’च!) यूएसबी किंवा मिडीची सोय असेल तर एका केबलने जोडता येतो. त्यामुळे गेममध्ये बोटांना लागलेली सवय गेम बंद केल्यावरही बोटांतच राहते. ही जमेची बाजू मोठी आहे. पेटी-तबल्याचे क्लास गल्लोगल्ली मिळतात, पियानोचे गुरुजी तसे सापडत नाहीत. काटोल, उमरेडच्या पोराला आठवड्यातून दोनदा धरमपेठेत येणं परवडणारं नसतं. त्याच्यासाठी हे सॉफ्टवेअर म्हणजे उघडलेलं दार आहे.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण लयीची. या गेममध्ये एक लाडकी सोय असते. तुम्ही बरोबर पट्टी दाबेपर्यंत गाणं थांबून राहतं. सुरुवातीला बरं वाटतं, कुणी रागवत नाही, कुणी हसत नाही. पण गाण्यात वेळ कुणासाठी थांबत नाही. तबलजी सोबत बसला की सम तिच्या वेळेला येणार, तुमचं बोट पोचलं असो वा नसो. थांबणाऱ्या स्क्रीनवर सहा महिने काढलेल्या पोराला सगळे स्वर माहीत असतात, पण कुणासोबत वाजवता येत नाही.

दुसरी अडचण सुरांची. आपला सा ठरलेला नसतो. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तो कधी पांढरी एक, कधी काळी चार. पेटीवाला सा बदलला तरी गाणं वाजवतो, कारण त्याच्या डोक्यात सरगम असते. रंगीत पट्ट्या पाहून शिकलेल्याच्या डोक्यात फक्त जागा असते. ‘भाऊ, काळी चारवर घे’ म्हटलं की तो ट्रान्सपोजचं बटण शोधतो. बटण काम भागवतं, हे खरं. पण बटणाशिवाय हात अडतो, हेही खरं.

तिसरी अडचण गुणांची. गेम मुख्यतः दोन गोष्टी मोजतो: पट्टी बरोबर आहे का, वेळ बरोबर आहे का. मिडी दाब मोजू शकते, त्याचे आकडे १२७ पर्यंत जातात. पण हळुवार ओळ हळुवार वाजली का, हे ठरवायला कान लागतो. मनगट आखडलंय, अंगठा चुकीच्या जागी जातोय, हे तर स्क्रीनला दिसतच नाही. ९८ टक्के गुण मिळाले म्हणजे गाणं ९८ टक्के आलं, असा समज झाला की तिथेच शिकणं थांबतं.

म्हणून हे सगळं मोडीत काढायचं का? तर नाही. यंत्रावर शिकलेलं संगीत खोटं, हा आरोप जुना आहे. आज देवघरापासून नाट्यगृहापर्यंत दिसणारी पेटी बाहेरून आलेली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर मराठी रंगभूमीने पेटीला आपलंसं केलं होतं आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ती किती बोलू शकते हे दाखवून दिलं होतं. पेटीची मर्यादा आजही तीच आहे. वाजवणाऱ्यांनी ती ओळखली आणि कानाने भरून काढली.

गेमचंही तसंच करता येईल. गाणं थांबवून ठेवायची सोय पहिल्या एक-दोन दिवसांपुरती वापरा. नंतर वेग निम्म्यावर आणा, पण थांबू देऊ नका. प्रत्येक ओळ वाजवण्याआधी सरगममध्ये म्हणून पाहा. आठवड्यातून एकदा स्क्रीन बंद करून तेच गाणं वाजवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ट्रान्सपोजला हात न लावता सा एक पट्टी वर नेऊन बघा. आणि महिन्यातून एकदा तरी कुणासोबत वाजवा. गल्लीतला ढोलकीवाला मित्रही चालेल, चार शिव्या घालेल, पण लय सुधारेल.

पालकांनीही एक फरक लक्षात घ्यावा. पोरगं स्क्रीनसमोर किती तास बसतं, यावरून फारसं कळत नाही. ‘स्क्रीन बंद करून वाजव बरं’ म्हटल्यावर काय वाजतं, त्यावरून सगळं कळतं. तिथे दोन ओळी जरी नीट निघाल्या, तरी त्या पोराच्या स्वतःच्या आहेत.