नजर, मन आणि सोयरीक

कणकवलीहून एका वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, घरांतील एका तरुणास छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टर ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात तो विकार, जडला आहे; वडील माणसें म्हणतात, त्याची नजर ठरत नाहीं. तेव्हां डोळ्यांवरून हा रोग ओळखतां येतो काय, आणि त्याच्या उपवर बहिणीच्या सोयरिकीचें काय करावें? प्रश्न नाजूक खरा. परंतु तो पुष्कळ घरांचा आहे, म्हणून उत्तर येथेंच देतों.

गड नदीच्या पुलावर उभें राहून वाहत जाणारें पान पाहावें. आपली दृष्टि त्याच्या बरोबरीनें संथ सरकत राहते. हें काम डोळ्यांचें दिसलें, तरी तें चालवितो मेंदू. या विकाराच्या पुष्कळ रोग्यांत हा मेळ बिघडतो. दृष्टि मागें पडते आणि वस्तूला गांठण्यासाठीं वारंवार लहान लहान उड्या घेते. अमेरिकेंत डीफेनडॉर्फ व डॉज यांनीं छायाचित्रांच्या साहाय्यानें १९०८ सालीं हें नोंदविलें. पुढें १९७३ सालीं फिलिप होल्झमन यांनीं रोग्यांस हलता लंबक पाहावयास देऊन त्याची पुन्हां प्रचीति आणून दिली. तेव्हां हा दोष हट्टाचा नव्हे, चोरट्या मनाचा नव्हे, आणि बाहेरच्या बाधेचा तर नव्हेच नव्हे.

परंतु या उड्या इतक्या सूक्ष्म असतात कीं त्या मोजावयास यंत्र लागतें. शिवाय थकव्यानें, कांहीं औषधांनीं व मेंदूच्या इतर विकारांनींही अशी गति बिघडते. म्हणून घरीं बोट फिरवून कोणीं निदान करूं नये. केवळ डोळ्यांवरून डॉक्टरही तें करीत नाहींत.

आतां बहिणीविषयीं. होल्झमन यांस हाच दोष रोग्यांच्या अनेक निरोगी आप्तांतही आढळला. याचा अर्थ, विकाराकडे असणारा कल कुळांतून येऊं शकतो. पण कल म्हणजे रोग नव्हे. सर्वसाधारण माणसांत शंभरांत सुमारे एकास हा विकार होतो, रोग्याच्या सख्ख्या भावंडांत सुमारे दहांस. म्हणजे नव्वद भावंडें त्यापासून मुक्तच राहतात. एवढ्यावरून मुलीचें लग्न मोडणें हा अन्याय होय. तसेंच भावाचा आजार लपवून लग्न उरकणें हेंही योग्य नव्हे. पुढें तें उघडकीस आलें कीं सारा बोल मुलीलाच लागतो. व्याह्यांस हे आंकडे स्वच्छ सांगावेत.

राहिला तो तरुण. त्याला माडीवरच्या खोलींत दडवूं नये. रत्नागिरीस सरकारी मनोरुग्णालय आहे. तेथें किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याला न्यावें, आणि बरें वाटूं लागलें तरी औषध आपल्या मनानें बंद करूं नये. उपचारास जितका विलंब, तितकें सांवरणें कठीण. गांवांत चर्चा होईल या भीतीनें गेलेले महिने मागाहून भरून निघत नाहींत.