वाकळेचा हिशेब

‘आठवणींची गोधडी’ या नावाचा लेख, कविता किंवा निदान कवितेतली एखादी ओळ ज्यात नाही असा दिवाळी अंक माझ्या पाहण्यात नाही. प्रस्तुत अंक त्याला अपवाद असेल अशी आशा मी धरलेली नाही. गोधडीला मायेची ऊब असते, तिला आजीच्या लुगड्याचा वास असतो, तिचा प्रत्येक तुकडा काहीतरी सांगत असतो, आणि कवी परगावी नोकरीला असला तर त्याला पहिल्याच थंडीत ती हमखास आठवते. या साऱ्या वर्णनांत एकच गोष्ट सापडत नाही. ती शिवायला किती दिवस लागले आणि शिवणारीच्या हातावर काय पडले, हे कुणी सांगत नाही.

मुळात आमच्या बेळगाव भागात तिला गोधडी कुणी म्हणत नसे. आम्ही वाकळ म्हणतो, शेजारच्या कन्नड घरांत कौदी म्हणतात. गोधडी हा शब्द आमच्याकडे शालेय पुस्तकांतून आणि पुण्याच्या मासिकांतून आला असावा, असा माझा समज आहे. शब्द कोणताही घ्या, वस्तू तीच. सीमाप्रश्नावर ज्यांची डोकी तापतात त्यांच्याही घरी दसऱ्याआधी वाकळा आणि कौद्या एकाच पाणवठ्यावर धुतल्या जात आणि एकाच खडकावर वाळत. ते असो, माझा विषय तो नाही.

ज्यांनी कधी वाकळ घालताना पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नऊवारी लुगडे जुने झाले, पण विरले नाही, असे निवडायचे. एका लुगड्यात वाकळेची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू निघतात. अंगणात किंवा सोप्यात ते सरळ अंथरून चारी कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, जे जड सापडेल ते ठेवायचे. त्यावर धोतराचे, पंच्याचे, परकराचे तुकडे असे रचायचे, की कुठे उंचवटा येऊ नये आणि कुठे पोकळी राहू नये. वाकळेचा निम्मा जीव या रचण्यात असतो. एका जागी चार पदर आणि दुसऱ्या जागी दोन झाले की पहिल्याच धुण्यात चिंध्या गोळा होतात. मग वरची बाजू. तिच्यावर गुळेदगुड्डच्या खणाचे, इलकल लुगड्याच्या काठाचे, शहापूर-वडगावच्या मागावरच्या कापडाचे तुकडे. आधी लांब टाके घालून सगळे पदर टाचून घ्यायचे, आणि मग धावदोरा. कुणी सरळ ओळी घालते, कुणी कडेकडेने फिरत आत आत मध्यापर्यंत येते.

आता हिशेब. कवींनी हवे तर हा परिच्छेद गाळावा.

पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशी मध्यम वाकळ धरा. दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर. म्हणजे सात फुटांच्या एकशे वीस ओळी झाल्या, एकूण ८४० फूट. कडेकडेने फिरत गेले तरी लांबी जवळपास तेवढीच भरते, कारण भरायची जागा तीच. इंचाला तीन टाके धरले तर तीस हजारांच्या वर टाके होतात. सराईत हाताला सात फुटांची एक ओळ घालायला पंचवीस मिनिटे लागतात. हे मी घड्याळ समोर ठेवून पाहिलेले आहे, आणि त्यात सुई ओवणे धरलेले नाही. एकशे वीस ओळींचे पन्नास तास. रोज आठ तास बसले तर सहा दिवसांच्या वर. रचणे, टाचणे, कडा दुमडणे आणि कोपरे बसवणे धरले की सात दिवस पुरे होतात. यात चूल, पाणी, पोरे काही नाही, निव्वळ सुई.

कर्नाटकात २०२४-२५ साली रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी ३४९ रुपये होती. पुरुषाला तेवढी, बाईलाही तेवढीच. माती उचलण्याचा हा दर आहे, त्याला कसब लागते असा सरकारचाही दावा नाही. सात दिवसांचे २४४३ रुपये होतात. आमच्या गल्लीत गेल्या थंडीत एका वाकळेचे पाचशे रुपये ठरले, कापड आणि दोरा घरमालकिणीचा. दिवसाला एकाहत्तर रुपये पडले. ठरले म्हणजे काय, तर शिवणारी म्हणाली, “काय देतासा ते द्या की, अक्का,” आणि अक्कांनी दिले. वर मला सांगितले, की या बायका फार समाधानी असतात हो! मी म्हणते, समाधान कसले? आकडा आपण उच्चारला तर काम दुसरीकडे जाईल हे तिला पक्के ठाऊक असते, म्हणून ती तो तुमच्या तोंडून वदवून घेते. आणि तुम्ही वदताना वाकळेकडे पाहत नाही, तिच्या लुगड्याकडे पाहता.

“जुनेच तर कापड, त्याला काय लागते?” हा दुसरा युक्तिवाद. याचे मूळ त्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ नावाच्या शब्दप्रयोगात आहे. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला तो आपल्या तोंडी बसला, आणि तेव्हापासून चिंधीला हात लावणारे प्रत्येक काम आपल्याला फुकटचे वाटते. पण टाकाऊ कुणाचे? ज्या घरांत वाकळा निघाल्या त्या घरांत कापड टाकाऊ कधी झालेच नाही. लुगड्याचा परकर झाला, परकराचे दुपटे झाले, दुपट्याचे पोतेरे झाले. कापडाची किंमत शून्य धरली तरी पन्नास तासांची शून्य कशी होते, हे गणित मला अजून कुणी समजावून दिलेले नाही. सोनाराकडे जुनी पाटली मोडून नवी घडवायला दिली तर आपण घडणावळ मुकाट्याने मोजतोच ना?

आता जरा नाजूक जागी सुई टोचते. वाचक भगिनींनी राग मानू नये, किंवा मानावा.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून पॅचवर्कची हौस आलेली आहे. वर्ग निघाले आहेत. दुपटी, उशीचे अभ्रे, पिशव्या, बसकरे, दारावरची तोरणे असे लहानसहान काम सुबक होते, आणि मला ते आवडते. दुकानातून नवे कोरे कापड आणून त्याचे तुकडे करायचे आणि ते पुन्हा जोडायचे, यात मला थोडी गंमत वाटते. पण हौसेला मोल नसते, आणि आपले कापड आपण कसेही कापावे. माझी तक्रार तिथे नाही. ती सुरू होते दिवाळीच्या तोंडावर महिला मंडळाच्या विक्रीत टेबल मांडल्यावर. दुपट्याची किंमत विचारली की उत्तर येते, “दोनशे. कापडाचे तेवढेच निघतात. माझा काय, वेळ जातो.”

हा ‘वेळ जातो’ फार महागात पडतो, आणि तो तुम्हाला पडत नाही. तुमच्या घरी पगार येतो, निवृत्तिवेतन येते. तुमचे अकरा तास तुम्ही गावाला दान केलेत, तर गाव ते घेईल आणि उद्या दोन गल्ल्या पलीकडे दुपट्यावर पोट भरणारीला सांगेल, की मंडळाच्या बाई दोनशेला देतात, तू तीनशे कसे मागतेस? आमच्या भागात गोंधळी समाजाच्या बायका दारोदार येऊन कौद्या शिवत. आता क्वचित दिसतात. त्यांचे काम ब्लँकेटने मारले असे सगळे सांगतात. मारले खरे, पण जे उरले होते त्याचा भाव आपण सुखवस्तू बायकांनी पाडला. विकायचेच असेल तर पुऱ्या किमतीला विका, नाहीतर दुपटे भाचीच्या बाळंतपणात भेट द्या.

याच्या उलट टोकाला कलेची माणसे आहेत. त्यांचे म्हणणे असे, की वाकळ ही महान लोककला आहे, ती भिंतीवर टांगली पाहिजे, म्हणजे तिला प्रतिष्ठा मिळेल. खानापूर ओलांडून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे गेले की रानातल्या वाड्यांतून सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे निसटून घाटावर आले, त्यांचेही वंशज त्यांत आहेत. त्यांच्या बायका जी कवंदी शिवतात ती माझ्या मते आपल्या सगळ्यांच्या वाकळांहून देखणी. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत येतात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची ‘फुले’ बसवतात. फुले नसली तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. २०११ साली या कवंद्यांचे प्रदर्शन थेट न्यूयॉर्कला भरले. आनंद आहे. ज्या वस्तीकडे आपण हल्याळच्या बाजारातही नीट पाहत नव्हतो, तिच्या चिंध्या पाहायला तिथे माणसे आली.

पण भिंतीवर गेल्याने मजुरी मिळते या भ्रमात कुणी राहू नये. अमेरिकेतच अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक वळणात अडकलेले गाव आहे. तिथल्या काळ्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या वाकळा शिवीत, घरात वारा येऊ नये म्हणून. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या, मग न्यूयॉर्कला. समीक्षकांनी आधुनिक चित्रकारांची नावे घेऊन स्तुती केली. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. आणि २००७ साली त्याच गावच्या काही बायांना, आपला वाटा आपल्याला मिळाला नाही म्हणून कोर्टात जावे लागले. दावे पुढे तडजोडीने मिटले. कोण किती खरे होते, याचा निवाडा त्यामुळे झाला नाही. मला एवढेच दिसते, की तिकिटावर वाकळ छापली गेली तरी हिशेबाचा प्रश्न जिथल्या तिथे होता.

कलेच्या माणसांचा दुसरा दोष असा, की त्यांना वाकळ वापरलेली चालत नाही. तिला पाणी लावायचे नाही, उन्हात टाकायची नाही. वाकळ हातानेच का घालतात हे त्यांना ठाऊक असते की नाही, शंका येते. यंत्राचा टाका दोन्ही बाजूंनी आवळतो, पदर एकमेकांना चिकटतात आणि पांघरूण पुठ्ठ्यासारखे ताठ होते. हातचा धावदोरा सैल असतो, पदरांत हवा राहते, आणि ऊब त्या हवेची असते. मायेची असेलही, पण आधी हवेची. म्हणूनच गेल्या तीस-चाळीस वर्षांत सुती लुगडी जाऊन घरोघरी पॉलिएस्टरच्या साड्या आल्या, तेव्हा खरा घात झाला. ते कापड सुईखाली सरकते, घाम शोषत नाही, ठिणगी पडली तर वितळते. जुन्या साड्यांचा ढीग आज प्रत्येक कपाटात आहे, पण वाकळेजोगे लुगडे शोधावे लागते. एका शिवणारीने मला स्पष्ट सांगितले, “ह्या साड्यांची वाकळ घालून माझं नाव घालवू नका, अक्का.” नावाची काळजी तिला होती. तिचे नाव कोणत्या वाकळेवर लिहिलेले मी मात्र कधी पाहिले नाही.

यावर मला नेहमी ऐकवतात, की अडीच हजारांना वाकळ कोण घेणार? त्या पैशांत चार ब्लँकेटे येतात. येतात ना, मग चार ब्लँकेटे घ्या. स्वस्त पांघरूण घेणे हा काही गुन्हा नाही. फक्त पाचशेला वाकळ शिवून घेऊन ‘मी ही कला जगवते’ असे पाहुण्यांना सांगू नका. संपादकांनीही मला क्षमा करावी. दिवाळी अंकातल्या कवीला मानधन मिळत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बिनपैशाच्या कामाची किंमत त्याला सगळ्यांच्या आधी कळायला हवी होती.

भाव कसा ठरवावा, असे कुणी खरोखर विचारले तर माझ्याकडे उत्तर आहे. वाकळेवर ठरवू नका, ओळीवर ठरवा. ३४९ रुपयांच्या दराने पंचवीस मिनिटांचे अठरा रुपये होतात. सात फुटांच्या ओळीला अठरा रुपये, आणि रचण्याचा दिवस वेगळा. तीन फूट लांब आणि अडीच फूट रुंद दुपट्यात अशा सव्वीस ओळींएवढा धागा जातो, म्हणजे दुपट्याची निव्वळ मजुरी ४६८ रुपये झाली. मंडळाच्या टेबलावर ते दोनशेला होते, हे आठवत असेलच. दर मजुरीबरोबर वाढवत न्यावा, म्हणजे घासाघीस उरत नाही.

या वर्षी मी दोघींशी असे ओळीवर बोलले. एकीने लगेच विचारले, “ओळी दाट घातल्या तर?” दाट घातल्या तर ओळी वाढतात आणि पैसेही वाढतात. विरळ मागितल्या तर पैसे वाचतात, आणि चिंध्या पहिल्याच धुण्याला गोळा होतात. ते धुणे मागणाऱ्याच्याच घरी व्हायचे असते.